नोबेलचे भाकीत : रसायनशास्त्रातील शोध, पारितोषिके आणि आपले अंदाज



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी रसायनशास्त्राचा पहिला धडा गिरवला, त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा योग आज आला, याबद्दल संस्थेचे मनःपूर्वक आभार मानतो. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या सरांचा मी नववीतला विद्यार्थी. त्यांनी स्वतःच्या हाताने कापडावर रंगवलेली आवर्तसारणी आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर असेल. सर त्या सारणीतले एखादे घर कागदाच्या तुकड्याने झाकून टाकीत आणि विचारीत, "वरचा कोण, खालचा कोण, शेजारचा कोण ते पाहा, आणि मधल्याचा स्वभाव सांगा." आम्ही चुकतमाकत सांगत असू. मग सर कागद काढीत आणि आमच्या उत्तराची परीक्षा होई. भाकीत करणे म्हणजे ज्योतिष पाहणे नव्हे, ज्ञाताच्या आधारे अज्ञाताविषयी जबाबदारीने बोलणे होय, हा संस्कार माझ्यावर त्या कागदाच्या तुकड्याने केला.

आजचा विषयही भाकिताचाच आहे. रसायनशास्त्रातील कोणत्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळेल हे आधी सांगता येते काय? महाविद्यालयात अध्यापन करीत असताना २००० सालापासून मी एक खेळ सुरू केला. दर सप्टेंबरअखेर माझा अंदाज एका कागदावर लिहायचा, तो पाकिटात घालून पाकीट लाखेने बंद करायचे, आणि ऑक्टोबरात स्टॉकहोमहून घोषणा झाली की विद्यार्थ्यांसमक्ष उघडायचे. निवृत्तीनंतरही हा क्रम मी मोडला नाही. २०२५ अखेर अशी सव्वीस पाकिटे झाली. त्यांपैकी तीन बरोबर निघाली. तेवीस वेळा मी चुकलो, आणि आज आपल्यापुढे बोलण्याचा माझा अधिकार असलाच तर तो या तेवीस चुकांचा आहे.

पारितोषिक कसे ठरते

आल्फ्रेड नोबेल याने २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये आपल्या मृत्युपत्रावर सही केली आणि १० डिसेंबर १८९६ रोजी तो निवर्तला. १९०१ पासून पारितोषिके दिली जाऊ लागली. रसायनशास्त्राचे पारितोषिक रॉयल स्वीडिश ॲकॅडमी ऑफ सायन्सेस ही संस्था देते. ज्याने सर्वांत महत्त्वाचा रासायनिक शोध लावला किंवा सुधारणा केली त्यास ते द्यावे, असे मृत्युपत्रात म्हटले आहे. शिवाय मानवजातीचे हित मागील वर्षात ज्यांनी साधले त्यांचा गौरव व्हावा, अशी नोबेलची इच्छा होती. ही "मागील वर्षा"ची अट पाळणे अशक्य आहे हे लवकरच ध्यानात आले. कोणत्याही शोधाचे खरे मोल एका वर्षात कळत नाही. म्हणून नियमांत अशी सोय करण्यात आली की, शोध जुना असला तरी त्याचे महत्त्व अलीकडे स्पष्ट झाले असेल तर तो विचारात घ्यावा.

प्रक्रिया साधी पण कडक आहे. जगभरातील निवडक प्राध्यापकांना आणि पूर्वीच्या मानकऱ्यांना नावे सुचविण्याचे निमंत्रण जाते. स्वतःचे नाव स्वतः सुचविता येत नाही. ३१ जानेवारीपर्यंत सूचना पोहोचाव्या लागतात. समिती तज्ज्ञांकडून अहवाल मागविते आणि ॲकॅडमीला शिफारस करते. ऑक्टोबरात ॲकॅडमीचे सभासद मतदान करतात आणि त्याच दिवशी घोषणा होते. सर्व कागदपत्रे पन्नास वर्षे गुप्त राहतात. एका विषयाचे पारितोषिक एका वर्षी तिघांहून अधिकांना देता येत नाही, आणि मृत व्यक्तीला ते देता येत नाही. घोषणेनंतर मृत्यू झाला तर मात्र ते कायम राहते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. आपण नोबेलचे भाकीत करतो तेव्हा वास्तविक दोन निरनिराळी भाकिते करीत असतो. पहिले शोधाविषयीचे, म्हणजे हा शोध टिकेल काय आणि इतरांच्या कामाची दिशा बदलेल काय. दुसरे माणसांविषयीचे, म्हणजे बंद दाराआड बसलेली मंडळी या वर्षी कोणाचे नाव घेतील. पहिल्या प्रश्नाला अभ्यासाने बऱ्यापैकी उत्तर देता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना भलेभले चुकतात.

मेंडेलीव्हची गोष्ट

या दोन भाकितांतला भेद समजण्यासाठी सरांच्या त्या सारणीकडेच परत जाऊ. दिमित्री मेंडेलीव्ह याने १८६९ साली मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली. तिच्यात त्याने काही घरे मुद्दाम रिकामी ठेवली आणि तेथे कोणती मूलद्रव्ये असली पाहिजेत हे सांगितले. त्यांना नावे देताना त्याने आपल्या संस्कृतातला शब्द घेतला : एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. १८७५ साली फ्रान्समध्ये गॅलियम सापडले, तेच एका-ॲल्युमिनियम. शोधकाने त्याची घनता प्रथम ४.७ अशी मोजली. मेंडेलीव्हने ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, तरी त्याने कळविले की नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा, घनता ५.९ च्या आसपास यावयास हवी. पुन्हा मोजली, ती ५.९ भरली. पुढे १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम मिळाले, आणि उरलेली दोन घरेही भरली.

रसायनशास्त्राच्या इतिहासात याहून मोठे भाकीत क्वचितच झाले असेल. आणि तरीही मेंडेलीव्हला नोबेल मिळाले नाही. १९०६ साली समितीतील बहुसंख्य सभासदांनी त्याची शिफारस केली होती. आवर्तसारणीचे महत्त्व नव्याने सापडलेल्या उदासीन वायूंमुळे अलीकडेच पूर्णपणे उघड झाले, असा त्यांचा युक्तिवाद होता. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की ही गोष्ट आता फार जुनी आणि सर्वविदित झाली आहे. या विरोधामागे स्वीडनमधील वजनदार शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस याचा हात होता, असे इतिहासकार मानतात. अखेर पारितोषिक फ्लोरीन वेगळे करणाऱ्या आंरी म्वासाँला गेले. १९०७ च्या फेब्रुवारीत मेंडेलीव्ह वारला. त्याच महिन्यात म्वासाँही गेला.

ज्याने निसर्गाचे भाकीत अचूक केले, त्याच्या बाबतीत माणसांचा निर्णय मात्र कोणालाही आधी सांगता आला नसता. निसर्गाची सारणी नियमाने चालते, तेथे मतदान नसते.

चार कसोट्या

तरीसुद्धा अंदाज बांधण्याला काही आधार आहेत. सव्वीस वर्षांच्या चुकांतून मी माझ्यापुरत्या चार कसोट्या ठरविल्या आहेत.

पहिली कसोटी अशी की, त्या शोधामुळे इतर संशोधकांचे रोजचे काम बदलले काय? याचे मोजमाप करण्याचा एक मार्ग अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी दाखविला. फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेने १९६४ पासून विज्ञानातील संदर्भांची सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढे किती निबंधांत झाला हे तिच्यावरून कळते. गारफील्ड यांच्या संस्थेची परंपरा चालविणाऱ्या मंडळींनी २००२ पासून या आधारावर दरवर्षी संभाव्य मानकऱ्यांची यादी जाहीर करण्यास सुरुवात केली. २०२४ च्या यादीत रसायनशास्त्राखाली डेव्हिड बेकर, जॉन जंपर आणि डेमिस हसाबिस ही नावे होती, आणि त्याच ऑक्टोबरात हेच तिघे मानकरी ठरले. परंतु सूची सांगते ते एवढेच की कोणाचे काम पुष्कळांच्या उपयोगी पडले. ते कोणत्या वर्षी गौरविले जाईल हे ती सांगू शकत नाही.

दुसरी कसोटी काळाची. शोध आणि पारितोषिक यांमधील अंतर किती असावे याला काहीच नियम नाही. प्रथिनांची घडी संगणकाने ओळखण्याची 'अल्फाफोल्ड'ची दुसरी पद्धत २०२० साली पुढे आली आणि चारच वर्षांत तिला नोबेल मिळाले. जनुकीय कात्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 'क्रिस्पर' तंत्राचा निर्णायक निबंध २०१२ सालचा. एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० साली पारितोषिक मिळाले, म्हणजे आठ वर्षे. सेंद्रिय रेणूंचा उत्प्रेरक म्हणून उपयोग करणाऱ्या बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांचे निबंध २००० सालचे, पारितोषिक २०२१ चे. डॅन शेख्टमान यांनी १९८२ साली असे स्फटिक पाहिले की ज्यांची रचना तत्कालीन नियमांत बसत नव्हती. लायनस पॉलिंगसारख्या दिग्गजाने त्यांची जाहीर थट्टा केली. शेख्टमान यांना २०११ साली एकट्याने पारितोषिक मिळाले, एकोणतीस वर्षांनी. आपल्या खिशातल्या भ्रमणध्वनीला चालविणारा लिथियम-आयन विद्युतघट घ्या. जॉन गुडइनफ यांनी त्यातील कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र १९८० साली सुचविला. घट १९९१ मध्ये बाजारात आला आणि पारितोषिक २०१९ मध्ये मिळाले. तेव्हा गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते. इतक्या वयाचा मानकरी त्यापूर्वी कोणत्याही विषयात झाला नव्हता.

काळाची ही कसोटी निष्ठुर आहे, कारण आयुष्य तिच्यासाठी थांबत नाही. डीएनएच्या धाग्यांपासून सूक्ष्म रचना विणण्याची कल्पना नेड सीमन यांनी १९८२ साली मांडली. त्यांचे नाव वर्षानुवर्षे अंदाजांत असे. २०२१ साली ते निवर्तले आणि तो प्रश्नच मिटला. गिल्बर्ट ल्युईस यांचे नाव कितीतरी वेळा सुचविले गेले. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात आणि त्यातून बंध निर्माण होतो, हे त्यांनी १९१६ साली सांगितले. आपण शाळेत मूलद्रव्याच्या चिन्हाभोवती जे ठिपके काढतो, ते ल्युईस यांचेच. १९४६ साली त्यांचे निधन झाले, पारितोषिकाविना.

तिसरी कसोटी म्हणजे तिघांची मर्यादा. विज्ञान आता एकट्यादुकट्याचे राहिलेले नाही, नियम मात्र तोच आहे. चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचे उदाहरण पाहा. ओसामु शिमोमुरा यांनी ते १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळे केले. मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांनी त्याला पेशींतील घडामोडी दाखविणाऱ्या दिव्याचे रूप दिले. या तिघांना २००८ साली पारितोषिक मिळाले. पण त्या प्रथिनाचे जनुक वेगळे करून दाखविणारे डग्लस प्रेशर यांचे काय? त्यांचा निबंध १९९२ चा. पुढे संशोधनासाठी पैसा मिळेना, म्हणून त्यांनी ते जनुक चाल्फी आणि त्सिएन या दोघांना पाठवून दिले. २००८ मध्ये प्रेशर अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका मोटारविक्रेत्याकडे गिऱ्हाइकांना नेण्याआणण्याची गाडी चालवीत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना समारंभाला आपल्या खर्चाने नेले, हे त्या दोघांच्या मोठेपणाचे. पण चौथी खुर्ची तेथे नव्हती.

चौथी कसोटी थोडी गमतीची. शोध रसायनशास्त्राचा म्हणावा की नाही? अर्न्स्ट रदरफोर्ड हे जातिवंत भौतिकशास्त्रज्ञ, त्यांना १९०८ साली रसायनशास्त्राचे पारितोषिक मिळाले. आपण अनेक स्थित्यंतरे पाहिली, पण भौतिकशास्त्रज्ञाचा रसायनशास्त्रज्ञ इतक्या झटपट झालेला पाहिला नव्हता, अशा अर्थाचा विनोद त्यांनी केला. गेल्या काही दशकांत हे पारितोषिक जीवशास्त्राकडे वळले आहे, अशी तक्रार रसायनशास्त्रज्ञ करतात. या संदर्भात आपल्या बडोद्याचे उदाहरण कोणाला आठवणार नाही? वेंकटरामन रामकृष्णन हे याच शहरात वाढले. १९७१ साली त्यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची बी.एस्सी. पदवी घेतली. अमेरिकेत भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळविल्यावर ते जीवशास्त्राकडे वळले, आणि प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली त्यांना थॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ यांच्यासमवेत पारितोषिक मिळाले, ते रसायनशास्त्राचे! १९७१ साली त्या वर्गातल्या कोणाच्याही पाकिटात हे भाकीत असणे शक्य नव्हते.

या कसोट्यांतून निसटलेल्यांत आपला एक थोर माणूस आहे, त्याचे स्मरण येथे केलेच पाहिजे. जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मद्रासला सहकाऱ्यांसह एक आलेख मांडला. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळू शकत नाही, हे तो दाखवितो. आज जगात कोठेही एखाद्या प्रथिनाची नवी रचना मिळाली की ती बरोबर आहे की नाही हे रामचंद्रन आलेखावर ताडून पाहिले जाते. २००१ साली ते गेले. नोबेल मिळाले नाही म्हणून तो आलेख वापरायचे कोणी थांबले नाही.

लाकडी गोळे आणि माझी चूक

आता ८ ऑक्टोबर २०२५ कडे येतो. त्या दिवशी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या सच्छिद्र चौकटी घडविल्याबद्दल पारितोषिक जाहीर झाले. धातूचे आयन म्हणजे कोपरे आणि लांब सेंद्रिय रेणू म्हणजे त्यांना जोडणाऱ्या कांड्या, अशी कल्पना करा. या कोपऱ्यांची आणि कांड्यांची नियमित जाळी बांधली की आत पुष्कळ मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत वायू साठविता येतात, गाळता येतात. अशा एका पदार्थाच्या दोन ग्रॅम भुकटीत आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. याघी यांच्या गटाने अशाच एका पदार्थाच्या साहाय्याने वाळवंटातील हवेतून पाणी मिळवून दाखविले.

या शोधाचा आरंभ शिक्षकांनी मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. १९७४ साली रॉबसन मेलबर्न विद्यापीठात शिकवीत होते. विद्यार्थ्यांना रेणूंची रचना दाखविण्यासाठी त्यांना लाकडी गोळ्यांच्या प्रतिकृती करावयाच्या होत्या. गोळ्यांना भोके पाडण्याचे काम कर्मशाळेचे, पण भोके कोठे पाडायची हे रॉबसन यांनी सांगायचे होते. कार्बनला चार, आणि तीही ठराविक कोनात. गोळे तयार होऊन आल्यावर त्यांनी जोडून पाहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की भोकांच्या जागांतच साऱ्या रचनेची माहिती भरलेली आहे. भोके योग्य जागी असली की प्रतिकृती आपोआप योग्य आकार घेते. मग खऱ्या अणूंना आणि रेणूंना त्यांच्या अंगभूत गुणांनीच असे एकमेकांत गुंफता येईल काय? दरवर्षी शिकविण्यासाठी ते गोळे बाहेर काढले की हा विचार परत येई. प्रत्यक्ष प्रयोगाला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. तांब्याचे आयन आणि चार हातांचा रेणू घेऊन त्यांनी हिऱ्यासारखी, पण आतून पोकळ रचना मिळविली आणि १९८९ साली ती प्रसिद्ध केली. पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते.

आता माझी चूक सांगतो. १९९६ च्या सुमारास एम.एस्सी. झालेला माझा एक विद्यार्थी हाती निबंधांच्या छायाप्रती घेऊन घरी आला. विषय नेमका हाच होता. तो म्हणाला, "सर, मला यावर काम करायचे आहे. यात काहीतरी आहे." मी निबंध चाळले. त्या काळी या स्फटिकांविषयी सर्वसाधारण मत असे होते की ते दिसायला सुंदर पण ठिसूळ आहेत, आतले द्रावक काढले की त्यांची जाळी ढासळते. मी त्याला म्हणालो, "हा वाळूचा किल्ला आहे. पाणी सुकले की पडेल. ज्याचा उपयोग आहे असा विषय घे." त्याने माझ्या शब्दाला मान दिला आणि रंगद्रव्यांवर काम केले. दुसऱ्याच वर्षी, १९९७ मध्ये, कितागावा यांनी वाळविल्यावरही न ढासळणारी जाळी करून दाखविली. तिच्यात मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत घेऊन बाहेर सोडता येत होते. १९९९ मध्ये याघी यांनी तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापविला तरी टिकणारा पदार्थ सादर केला.

माझे रसायनशास्त्र तसे चुकले नव्हते. त्या दिवशी जेवढे ज्ञात होते तेवढ्यापुरते मी बरोबर होतो. चूक झाली ती अशी की, आज ढासळते ते उद्याही ढासळेल, असे मी धरून चाललो. सरांनी झाकलेले घर मला रिकामे वाटले. कितागावा यांनी तरुणपणी हिदेकी युकावा यांच्या पुस्तकातून एका प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचा विचार घेतला होता, तो असा की निरुपयोगी वाटणाऱ्या गोष्टीचीही उपयोगिता असू शकते. त्यांचा पहिला पदार्थ खरोखरच कोणत्या कामाचा नव्हता, अनुदानही नाकारले जाई. तरी त्यांनी तो धागा सोडला नाही. मी मात्र दुसऱ्याच्या हातून तो सोडविला.

योगायोग पाहा. २०१० च्या त्या संभाव्य मानकऱ्यांच्या यादीत कितागावा आणि याघी यांची नावे आली, तेव्हा मीही ती माझ्या पाकिटात घातली. ओळीने पाच वर्षे घातली, मग कंटाळून काढून टाकली. रॉबसन यांचे नाव तर माझ्या एकाही पाकिटात नव्हते. २०२५ च्या पाकिटात मी दुसरेच काही लिहिले होते.

घोषणेच्या दिवशी संध्याकाळी त्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता पन्नाशी ओलांडलेला, एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. त्याने विचारले, "सर, या वेळी पाकिटात काय होते?" मी सांगितले, हे नव्हते. तो हसला. मी म्हणालो, "त्या वेळी मी तुला अडवले." थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अडवले नाही सर, सल्ला दिलात. मीच तो आज्ञा म्हणून घेतला." त्याने मला क्षमा केली की माझी समजूत घातली, हे मला अजून ठरविता आलेले नाही. तो त्या वाटेने गेला असता तर त्याला पारितोषिक मिळाले असते, असे मी म्हणत नाही. शेकडो माणसे त्या वाटेने गेली, नावे तीनच झाली. याघी यांच्याबरोबर २०१८ चे वुल्फ पारितोषिक मिळविणारे जपानचे माकोतो फुजिता यांचेही नाव त्या तिघांत नाही. पण ज्या कामात त्याचे मन होते ते काम त्याला करायला मिळाले असते, एवढे निश्चित.

यंदाचे पाकीट

आपल्यापैकी काहीजण आता विचारतील, पुढच्या वर्षांसाठी अंदाज काय? तो लाखेच्या आत न ठेवता आज उघडच सांगतो. पहिला अंदाज बहुवारिकांचा. प्लास्टिकच्या रेणूंची साखळी हवी तेवढी लांब आणि हव्या त्या क्रमाने वाढविण्याच्या पद्धती १९९५ च्या सुमारास अमेरिकेत क्रिस्तॉफ मातियाशेव्स्की आणि जपानमध्ये मित्सुओ सावामोतो यांनी, तर १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका गटाने दिल्या. उपयोग निर्विवाद आहे, अडचण तिघांच्या मर्यादेची.

दुसरा अंदाज डीएनएचे वाचन वेगाने करण्याच्या पद्धतीचा. पहिल्या मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा प्रकल्प १९९० ते २००३ अशी तेरा वर्षे चालला. आता तेच काम एकदोन दिवसांत होते. यामागील रसायनशास्त्र केंब्रिजच्या शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांचे. बालसुब्रमण्यन यांचा जन्म मद्रासचा. हा शोध वैद्यकाचा म्हणतील की रसायनशास्त्राचा, हा प्रश्न राहतो.

तिसरा अंदाज पेरोव्हस्काइट सौरघटांचा. जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ साली असा पहिला घट केला, तेव्हा प्रकाशाचे वीजेत रूपांतर ३.८ टक्के होते. आज प्रयोगशाळेत ते पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे. पण ओलाव्यात हे घट टिकत नाहीत, अशी त्यांच्याविरुद्ध मुख्य तक्रार आहे. ती वाचली की मला १९९६ सालचा तो दिवस आठवतो, आणि हा वाळूचा किल्ला आहे असे म्हणण्याचे धैर्य आता होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, "कोणता विषय घेतला तर नोबेल मिळेल?" असे तुमच्यापैकी कोणी विचारील तर त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ आहे असे कोणी सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पाकिटाचा खेळ जरूर खेळा. त्यासाठी वर्षभरातील शोध समजून घ्यावे लागतात, हाच त्याचा लाभ. परंतु आपल्या आवडीचा विषय त्या पाकिटाकडे पाहून सोडू नका, आणि माझ्यासारख्या कोणाच्या सांगण्यावरूनही सोडू नका. शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती की, मूल हातात काही घेऊन आले आणि "यात काहीतरी आहे" म्हणाले, तर उत्तर देण्यापूर्वी ते मूल काय पाहते आहे हे आपणही पाहावे. लाकडी गोळ्यांना भोके पाडणे ही वर्गातली किरकोळ तयारी होती, कोणत्याही समितीने ती मोजली नसती.

सरांची ती कापडी सारणी आता विटली असेल. ती शाळेत अजून कोठे असेल तर संस्थेने ती जपून ठेवावी, आणि जमल्यास तिच्यावर कागदाचा एक तुकडा कायमचा लावून ठेवावा. तो कोणत्या घरावर लावायचा हे विद्यार्थ्यांनी ठरवावे.

 सरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून माझे भाषण पुरे करतो.